मघाशी बरोबर होतं, आता फोकस गेला: साताऱ्याच्या पठारांवर दुर्बिणीला कॅमेरा लावणाऱ्यांसाठी समस्या निवारण

दिवाळी झाली, ढग पांगले की ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर दुर्बिणी दिसायला लागतात. कोणी माण-खटावच्या माळावर जातं, कोणी सांगलीहून दंडोबाच्या बाजूला. जागा कुठलीही असो, रात्री दहा-अकराच्या सुमाराला एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ओ काका, मघाशी बरोबर होतं की! आता काय झालं?" कॅमेऱ्याच्या पडद्यावर मृगातला तेजोमेघ असतो, पण तारे साबुदाण्यासारखे फुगलेले.

मग लगेच हात फोकसरच्या, म्हणजे नळी आत-बाहेर करून फोकस जमवणाऱ्या भागाच्या, नॉबकडे जातो. माझं पहिलं सांगणं एवढंच, की थांबा. फुगलेला तारा म्हणजे दरवेळी फोकस गेलेलाच असतो असं नाही. चार-पाच वेगवेगळी दुखणी पडद्यावर साधारण सारखीच दिसतात, आणि त्यातल्या निम्म्यांना नॉब फिरवून काडीचाही फरक पडत नाही. उलट जो फोकस बरा होता तोही जातो आणि मूळ दुखणं तसंच राहतं. म्हणून आधी शेवटचा फोटो पूर्ण मोठा करा आणि ताऱ्याचा आकार बघा.

तारा सगळीकडून सारखा फुगलाय, फ्रेमच्या मध्यावरही आणि कडेलाही, तर फोकस खरंच सरकलाय. आरशाच्या दुर्बिणीत तो जास्त सरकला असेल तर ताऱ्याच्या मध्ये काळं भोक दिसतं, कारण ती दुय्यम आरशाची सावली असते. भिंगाच्या दुर्बिणीत भोक नसतं, नुसती चकती दिसते. तारा एकाच दिशेला लांबलाय तर ते ट्रॅकिंग (ताऱ्यामागे दुर्बीण फिरवत नेणं) चुकतंय किंवा वारा. मध्यावर छान, पण चारही कोपऱ्यांत शेपट्या फुटल्यात आणि त्या सगळ्या मध्यापासून बाहेर जातायत, तर तो कोमा. f/5 च्या (फोकल लेंग्थ व्यासाच्या पाचपट) न्यूटोनियनवर, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीवर, मोठा सेन्सर लावला की कोमा येणारच, त्याला करेक्टर लागतो. एकच बाजू बिघडलीय तर काहीतरी तिरकं बसलंय. तारा टोकदार आहे पण भोवती धुरकट वलय आहे, तर काचेवर दव. तारा टोकदार आणि भोवती निळी-जांभळी कड, तर ती साध्या अ‍ॅक्रोमॅट भिंगाची खोड आहे. 120/600 (व्यास 120 मिमी, फोकल लेंग्थ 600) सारख्या दुर्बिणीत ती दिसणारच, फोकसशी रात्रभर झटापट करून ती जाणार नाही.

हे बघायला अर्धा मिनिट लागतो. आता एकेक दुखणं घेऊ. काही लवकर संपतील, काहींना वेळ लागेल.

फोकस येतच नाही

हे सर्वांत जास्त घाबरवणारं, पण निदानाला सर्वांत सोपं. 130/650 किंवा 150/750 ची न्यूटोनियन नवी आणलेली असते, आयपीसमधून चंद्र झकास दिसलेला असतो, आणि कॅमेरा लावला की नळी पूर्ण आत गेली तरी तारा मोठा गोळाच राहतो. दुर्बीण खराब नाही. टी-रिंग म्हणजे कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी; तिच्या आट्यांपासून कॅमेऱ्याचा सेन्सर 55 मिमी मागे असतो. कॅननच्या ईएफ बॉडीत माउंटपासून सेन्सरपर्यंत 44 मिमी आणि रिंगची जाडी 11 मिमी. निकॉनच्या एफ माउंटला 46.5 आणि 8.5. बेरीज तीच. आयपीससाठी बांधलेल्या फोकसरमध्ये तेवढं आत जायला जागा ठेवलेलीच नसते.

उपाय करताना आधी फुकटातला करून बघा. बऱ्याच फोकसरवर आयपीस धरणारा सव्वा इंची तुकडा काढला की खाली एम42 च्या, म्हणजे 42 मिमी व्यासाच्या, आट्या दिसतात. टी-रिंग थेट त्यावर फिरवा. मधला तुकडा गेला की तेवढ्याच मिलिमीटरवर फोकस मिळून जातो आणि कॅमेराही घट्ट बसतो. तिथे नाही जमलं तर बार्लो, म्हणजे फोकल लेंग्थ वाढवणारं भिंग. पण 2 पटीचा बार्लो लावला की 750 चे 1500 मिमी होतात, f/5 चे f/10, आणि तेवढाच उजेड मिळवायला चौपट वेळ द्यावा लागतो. चंद्राला आणि गुरूला चालेल, देवयानीच्या दीर्घिकेला नाही. तिसरा उपाय म्हणजे मुख्य आरसा लांब बोल्ट वापरून दोन-तीन सेंटिमीटर पुढे घेणं. कराड-साताऱ्यातला कोणताही लेथवाला बोल्ट करून देईल. मात्र आरसा पुढे आला की दुय्यम आरशावर प्रकाशाचा शंकू जास्त रुंद पडतो, आणि तो आरसा लहान असेल तर कडेचा प्रकाश वाया जातो. म्हणून लागेल तेवढाच पुढे घ्या, हौस म्हणून जास्त नको.

भिंगाच्या दुर्बिणीत नेमकं उलटं होतं. आयपीसने बघताना मध्ये डायगोनल, म्हणजे प्रकाश वळवणारा तुकडा, असतो, आणि तो प्रकाशाचा 7 ते 11 सेंमी रस्ता खातो. कॅमेरा लावताना डायगोनल काढला की नळी पूर्ण बाहेर येऊनही पुरत नाही. एक्स्टेन्शन ट्यूब लावा, विषय संपला. मिररलेसवाल्यांनी एवढं बघायचं, की आपली टी-रिंग मिररलेससाठीची आहे ना. सोनीच्या ई माउंटमध्ये सेन्सर फक्त 18 मिमी मागे असतो, म्हणून रिंग 37 मिमी लांब लागते. आणि शटर दाबलं तरी काहीच होत नसेल तर मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर चालू ठेवण्याचा पर्याय शोधा. दुर्बीण म्हणजे कॅमेऱ्याच्या लेखी लेन्सच नसते.

पवनचक्कीच्या दिव्यावर फोकस

ही चाळकेवाडीची खास भानगड. अंधार पडायच्या आत, तारे नीट दिसायच्या आधी, लोक लांबच्या पवनचक्कीवरचा लाल दिवा धरतात आणि त्यावर फोकस करून मोकळे होतात. सवय लँडस्केपची असते. 18 मिमीच्या लेन्सला दोन किलोमीटर म्हणजे अनंतच. दुर्बिणीला नाही.

हिशेब सोपा आहे. फोकल लेंग्थचा वर्ग भागिले अंतर. 750 मिमीची दुर्बीण आणि 2 किमीवरचा दिवा घ्या: 0.28 मिमी. म्हणजे त्या दिव्याचा फोकस ताऱ्याच्या फोकसपेक्षा पाव मिलिमीटरहून जास्त बाहेर पडतो. पाव मिलिमीटर म्हणजे कितीसं, असं वाटेल. पण f/5 ला फोकसचा जो पट्टा चालतो तो जेमतेम 67 मायक्रॉनचा असतो, म्हणजे 0.067 मिमी, साधारण माणसाच्या एका केसाची जाडी. f/4 ला 43, f/10 ला 268. (4.88 गुणिले प्रकाशाची तरंगलांबी गुणिले f-अंकाचा वर्ग, तरंगलांबी 0.55 मायक्रॉन धरलीय.) दिव्यावर केलेला फोकस या पट्ट्याच्या चौपट बाहेर गेला. त्याने तारा 56 मायक्रॉनचा होतो, 4 मायक्रॉनच्या पिक्सेलवर 14 पिक्सेल रुंद. हाच तो साबुदाणा.

यवतेश्वरच्या घाटातून खाली शहरातला दिवा धरला, तरी हेच. 5 किमीवरचा दिवासुद्धा 0.11 मिमीने फसवतो. दिवसा अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरवर ढोबळ फोकस करून नळीवर पेन्सिलीची खूण करून ठेवायला मात्र हरकत नाही, उलट कराच. रात्री त्या खुणेपासून नळी किंचित आत घ्यायची एवढं लक्षात ठेवा, म्हणजे काळ्या पडद्यावर तारा शोधत बसावं लागत नाही. दिवसाचं हे काम करताना सूर्य दुर्बिणीच्या आसपासही फिरकू देऊ नका.

बारीक फोकस: तारा कोणता, बघायचं कसं

कॅमेरा एम मोडवर, आयएसओ 1600 ते 3200, शटर 30 सेकंद किंवा बल्ब, लाइव्ह व्ह्यू चालू, आणि तारा 10 पटीने मोठा. व्ह्यूफाइंडरमधून फोकस करू नका. तिथली काच आणि तुमचा चष्मा मिळून काय ठरवतील ते सेन्सरला मान्य असेलच असं नाही. काही साध्या कॅमेऱ्यांत लाइव्ह व्ह्यूचा उजेड शटर-आयएसओप्रमाणे वाढत नाही. तिथे तेजस्वी तारा घ्यावाच लागतो.

तारा निवडताना दोन गोष्टी बघा: तेज आणि उंची. हिवाळ्यात आपल्याकडे चंगळ असते. रोहिणी, ब्रह्महृदय, मृगातला राजन्य, आणि रात्र चढली की व्याध. क्षितिजाजवळचा तारा कितीही तेजस्वी असला तरी टाळा. अगस्ती आपल्याकडून कधीच फार वर येत नाही, म्हणून फोकसला तो कामाचा नाही. परदेशी लोक ध्रुवतारा घ्या असं सांगतात. तो जागचा हलत नाही हे खरं, आणि ट्रॅकिंग नसलेल्या दुर्बिणीत त्याचा उपयोगही होतो. बाकी कुठलाही तारा 10 पटीच्या खिडकीतून अर्ध्या-पाऊण मिनिटात निघून जातो. पण त्यांच्या गावात ध्रुव 50 अंशांवर असतो. साताऱ्यात तो 17-18 अंशांवर, धुळीच्या आणि उसाचं पाचट जाळल्याच्या धुराच्या थरातून थरथरत असतो. त्यावर ढोबळ फोकस करा, बारीक नको.

नॉब फिरवताना तारा लहान होत जातो, सर्वांत लहान होतो आणि पुन्हा मोठा व्हायला लागतो. दोन्ही बाजूंना सारखा मोठा करून बघा आणि मधली जागा पकडा. याहून चांगली खूण म्हणजे शेजारचा अंधूक तारा. मुख्य ताऱ्याकडे न बघता त्याच्या बाजूच्या काळ्या भागाकडे बघत राहा. फोकस जमला की तिथे मघाशी नसलेला एखादा बारीक ठिपका उमटतो, आणि किंचित पुढे गेलात की विझतो. डोळ्याला ताऱ्याची रुंदी मोजता येत नाही, पण ठिपका आहे की नाही हे कळतं. आणि हो, चाळिशी आली असेल तर जवळचा चष्मा आठवणीने बॅगेत टाका. पडदाच धूसर दिसत असेल तर दुर्बिणीला दोष देऊन काय उपयोग.

यापुढचं साधन बाख्तिनोव मास्क. पावेल बाख्तिनोव या रशियन हौशी छायाचित्रकाराची ही कल्पना. दुर्बिणीच्या तोंडावर तीन दिशांच्या फटी कापलेली चकती लावायची, म्हणजे ताऱ्याला फुलीसारख्या दोन रेघा आणि मधून जाणारी तिसरी रेघ दिसते. मधली रेघ फुलीच्या बरोबर मध्यातून गेली की फोकस. एका बाजूला सरकलेली दिसली की कुठल्या बाजूला जायचं तेही कळतं. आमच्याकडे नावाच्या पाट्या आणि ट्रॉफ्या करणारे लेझरवाले 2-3 मिमीच्या काळ्या अ‍ॅक्रिलिकमधून हे सहज कापून देतात. फटीचं माप काढायला फोकल लेंग्थला 150 ने भागा: 750 ला 5 मिमी, म्हणजे अडीच मिमी फट आणि अडीच मिमी पट्टी. तिरक्या फटी आडव्यापासून 20 अंशांवर. घाई असेल तर सनपॅकच्या शीटमधून कटरने कापलेलाही चालतो, कडा जरा खरखरीत राहतात एवढंच. तेवढंही नसेल तर पुठ्ठ्याला समोरासमोर दोन गोल भोकं पाडा. फोकस नसताना एका ताऱ्याचे दोन दिसतात, जमला की ते एक होतात. हार्टमनचा हा मास्क जुना आहे, पण अडल्यावर उपयोगी पडतो.

मास्क लावला की लाइव्ह व्ह्यूवर विसंबू नका. आयएसओ 3200 ला 5-10 सेकंदांचा फोटो काढा आणि तो मोठा करून रेघा बघा. मग मास्क काढा. हे वाक्य वेगळं लिहायचं कारण पठारावर येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे: तो काढायचाच विसर पडतो.

तारा फ्रेमच्या अगदी मध्यावर घ्यायचा की नाही, यावर मतं आहेत. भिंगाच्या दुर्बिणीत फोकसचा पृष्ठभाग किंचित वक्र असतो, म्हणून मध्यावर नेमका जमवला की कडा सुटतात. मी मध्यापासून कडेच्या एक तृतीयांश अंतरावर तारा ठेवतो. शहरात फिल्टर लावत असाल तर फिल्टर लावूनच फोकस करा. 2 मिमी जाडीची काच मध्ये आली की फोकस पाऊण मिलिमीटरच्या आसपास मागे जातो. नंतर लावलेला फिल्टर सगळी मेहनत पाण्यात घालतो.

आठला होता, अकराला गेला

आता खरा, वारंवार येणारा त्रास. फोकस नीट केला होता, पहिले वीस फोटो टोकदार आले, आणि हळूहळू सगळे मऊ होत गेले. कोणी हात लावलेला नाही. कारणं मुख्यतः दोन, आणि दोन्हीचं बोट थंडीकडे जातं.

पहिलं, दुर्बिणीची मुख्य नळी आखडते. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला लांबीच्या दशलक्ष भागांत 23 भाग आकसतं. 600 मिमीची नळी 10 अंशांनी थंड झाली की 0.14 मिमी कमी होते. वर f/5 चा 67 मायक्रॉनचा पट्टा सांगितला, त्याच्या दुप्पट. पोलादी नळी साधारण याच्या निम्मी आकसते, कार्बन फायबरची फारच कमी. आरसा किंवा भिंगही थोडं आकसतं, म्हणून प्रत्येक दुर्बिणीचा आकडा वेगळा येतो, पण दिशा बहुधा तीच: नळी आखडली की फोकसची जागा बाहेर सरकते आणि तुम्हाला फोकसर किंचित बाहेर काढावा लागतो. माण-खटावच्या माळावर डिसेंबरात दुपारी 28-30 अंश आणि पहाटे 12-13, असा उतार सहज मिळतो. तो उतार बराचसा सूर्य मावळल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत होतो, नेमका आपण फोकस करून निवांत चहा पीत असतो तेव्हा.

उपाय: दुर्बीण पोचल्यापोचल्या गाडीतून काढून झाकण उघडून बाहेर ठेवा. गाडीच्या डिकीत दुपारभर तापलेला 150 मिमीचा आरसा निवायला पाऊण-एक तास लागतो. तोपर्यंत नळीत गरम हवेचे झोत फिरत असतात आणि तारा श्वास घेतल्यासारखा लहान-मोठा होत राहतो. त्यावर फोकस करणं म्हणजे नुसता वेळ घालवणं. दुसरं, पहिल्या दोन तासांत दर अर्ध्या तासाला मास्क लावून तपासा. नंतर पारा दोन-तीन अंश उतरला की. साधा थर्मामीटर फोकसरच्या शेजारी टेपने चिकटवला तर अंदाज करत बसावं लागत नाही. मोटारवर चालणारा फोकसर असेल तर निना सारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरला हे काम देता येतं, ते ताऱ्याची रुंदी मोजून स्वतः फोकस करतं. नसेल तर अडत काही नाही.

दुसरं कारण दव. पाऊस संपल्यावर पश्चिमेकडच्या पठारांवर, कास-बामणोली आणि चाळकेवाडीच्या पट्ट्यात, कार्तिकात दव एवढं पडतं की नऊ वाजता टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. काच उघड्या आकाशाकडे तोंड करून उष्णता फेकत असते, म्हणून ती भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते आणि दव आधी तिलाच धरतं. भिंगाच्या दुर्बिणीत पुढचं भिंग, श्मिट-कॅसग्रेनमध्ये (आरसे आणि पुढे काच असलेली आखूड दुर्बीण) पुढची करेक्टर काच, न्यूटोनियनमध्ये बहुधा दुय्यम आरसा. फोटोत अंधूक तारे आधी गायब होतात, तेजस्वी ताऱ्यांभोवती वलय येतं, आणि माणूस फोकस फिरवत बसतो. टॉर्च तिरका धरून काचेवर मारा, लगेच कळेल.

दव फडक्याने पुसू नका. धुळीचे कण काचेवर घासले जातात. काळ्या फोमची किंवा जुन्या योगा मॅटची गुंडाळी तोंडावर लावा, लांबी दुर्बिणीच्या व्यासाच्या दीड-दोन पट. काचेच्या कडेभोवती यूएसबीची हीटर पट्टी, पॉवर बँकेवर. हीटर मंद ठेवा. काच हवेपेक्षा थोडी उबदार राहिली की पुरे. जोरात तापवलीत तर पुन्हा तेच हवेचे झोत. माण-खटावच्या कोरड्या माळावर हा त्रास पुष्कळ कमी. आकाशगंगेची भव्यता हवी असेल तर चाळकेवाडी, कारण पश्चिमेला कोयनेच्या खोऱ्यावर अंधार आहे आणि हायवेचा उजेड पाठीमागे राहतो. पण बारीक, लांबचं काम करायचं असेल तर मी पूर्वेला जाणं पसंत करतो.

कॅमेऱ्याच्या वजनाने नळी घसरते

कॅमेरा बॅटरीसकट अर्धा-पाऊण किलो भरतो. मृग डोक्यावर येतो तसा भिंगाच्या दुर्बिणीत तो कॅमेरा सरळ खाली लोंबकळायला लागतो. क्रेफर्ड फोकसरला दाते नसतात, नळी फक्त घर्षणावर धरलेली असते, म्हणून ती हळूहळू खाली येते. कराडहून आलेला एक कॉलेजचा मुलगा थंडीचं गणित मांडून दर दहा मिनिटांनी फोकस करत होता. नळीवर पेन्सिलीची रेघ मारून दुर्बीण डोक्यावर नेऊन ठेवली, दहा मिनिटांनी रेघ फोकसरच्या कडेपासून मिलिमीटरभर लांब गेलेली. "आयला, ही तर घसरतीय!" तपासणी इतकीच असते.

खालच्या बाजूचा टेन्शनचा स्क्रू थोडा आवळा, नॉब जरा जड फिरायला हवा. मग फोकस करताना शेवटची हालचाल नेहमी कॅमेरा वर उचलला जाईल अशा दिशेने करा, म्हणजे दात्यांचा फोकसर असेल तर त्यातला सैलपणा एका बाजूला बसलेला राहतो. लॉकचा स्क्रू शेवटी एकदम करकचून आवळलात तर नळी तिरकी होते आणि फोकस हलतो. आधी अर्धा आवळा, फोकस करा, उरलेला आवळा, आणि मास्कवर पुन्हा बघा. श्मिट-कॅसग्रेनमध्ये नळीऐवजी आतला मुख्य आरसा सरकतो. तिथे शेवटची फिरकी घड्याळाच्या उलट दिशेने द्या, म्हणजे आरसा वजनाविरुद्ध वर ढकललेला राहतो.

एकच बाजू मऊ येत असेल तर कॅमेरा 180 अंशांत फिरवून पुन्हा फोटो काढा. फ्रेमची तीच बाजू खराब राहिली तर दोष अ‍ॅडॅप्टर किंवा कॅमेऱ्याच्या बसणीत. खराबी समोरच्या बाजूला गेली तर दोष दुर्बिणीत, म्हणजे फोकसर तिरका किंवा कोलिमेशन (आरसे-भिंगांची जुळणी) बिघडलेलं. सव्वा इंची नळीत दोन स्क्रूंवर टांगलेला कॅमेरा तिरका बसणारच. त्यासाठी पुन्हा एम42 च्या आट्या.

वारा

पवनचक्क्या चाळकेवाडीला उगाच उभ्या केलेल्या नाहीत. वाऱ्याने हललेला तारा कधी कधी सगळीकडे हलतो आणि गोल फुगल्यासारखाच दिसतो, म्हणून तो फोकससारखा भासतो. ओळख एकच: एका फोटोत तारे फुगलेले आणि पुढच्याच फोटोत टोकदार. फोकस असा ये-जा करत नाही. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा, लोंबणाऱ्या वायरी नळीला बांधा, तिपाईचे पाय पूर्ण बाहेर काढू नका, गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी लावा. शटर बोटाने दाबायचं नाही, रिमोट किंवा 2 सेकंदांचा टायमर. पठाराचा कातळ दिवसभर तापलेला असतो, त्यावरून उठणारी हवा पहिल्या प्रहरात तारे हलवते. दुर्बीण शक्य असेल तर गवतावर मांडा.

ज्या रात्री वरची हवाच खवळलेली असते, त्या रात्री 750 मिमीला तारा तसाही 10-11 मायक्रॉनच्या खाली येत नाही. तिथे शेवटच्या केसाइतक्या फोकससाठी अर्धा तास झगडू नका. मोठं, पसरट लक्ष्य घ्या, कृत्तिका किंवा देवयानी.

नोंद ठेवा, फ्लॅट आधी घ्या

सगळे फोटो झाले की कॅमेरा काढायच्या आधी फ्लॅट (धुळीचे डाग नंतर काढून टाकायला लागणारे सारख्या उजेडाचे कोरे फोटो) घ्या, पांढरा सुती कपडा तोंडावर ताणून, फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन जसाच्या तसा. फोकस हलला की सेन्सरवरच्या धुळीच्या वलयांचा आकार बदलतो आणि ते फ्लॅट जुळत नाहीत.

फोकसरच्या बारीक नॉबला कागदाची गोल तबकडी चिकटवा आणि तिचे 20 भाग पाडा. जिथे बारीक नॉबच्या एका फेऱ्यात नळी 2 मिमी सरकते, तिथे एक भाग म्हणजे 0.1 मिमी. तुमच्या फोकसरचा आकडा स्केल लावून एकदा मोजून घ्या. मग दरवेळी तारीख, तापमान आणि तबकडीवरचा आकडा वहीत लिहीत जा. थंडीचा एक हंगाम लिहून झाला की तुमची दुर्बीण किती अंशांना किती भाग मागते ते त्या वहीतच सापडतं, आणि 22 अंशांना केलेला फोकस 15 ला कुठे न्यायचा ते मास्क लावायच्या आधीच ठाऊक असतं. मास्क तरीही लावायचाच.